इंजेक्टर पेपरात गुंडाळू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या गाड्यांवर अख्खं पान दिलंत, वाचून बरं वाटलं, फोटो पण झकास होते, ती हिरवी फियाट आमच्याच गल्लीतली का काय म्हणून बायकोला पण दाखवली. पण त्यात शेवटी शेवटी एक ओळ होती, की इंजेक्शनच्या जुन्या गाडीचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारून देणाऱ्या बारक्या तोट्या, एकदा काढून रिकंडिशन करून घेतले की गाडी नव्यासारखी पळते. बस, एवढंच. आता ही ओळ वाचून कुणीतरी खरंच इंजेक्टर काढणार, कुठंतरी देणार, परत आणून कपाटात ठेवणार आणि मग माझ्यासारखा डोक्याला हात लावून बसणार, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय जरा, कापायचं तर कापा, पण तेल आणि टोपणाचं तेवढं ठेवा.

माझ्याकडं मर्सिडीज आहे म्हटलं की लोक वेगळ्याच नजरेनं बघतात म्हणून आधीच सांगून टाकतो, १९८२ ची आहे, २३० ई, ते डब्ल्यू १२३ म्हणतात तसलं मॉडेल. गोव्यात गल्फहून परत आलेल्या एका घरच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, तिथनं टेम्पोवर घालून चोर्ला घाटातनं वर आणली. कितीला घेतली ते बायकोला अजून खरं सांगितलेलं नाही आणि ती तुमचा पेपर वाचते, त्यामुळं इथं पण सांगत नाही. कायद्यानं ती अजून व्हिंटेज पण नाही, २०२१ च्या नियमात ५० वर्षं पूर्ण व्हायला पाहिजेत तेव्हा कुठं ते व्हीए सिरीजचं पासिंग मिळतं, म्हणजे माझ्या गाडीला २०३२ उजाडणार, तोवर ती नुसती जुनी गाडी.

या गाडीला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायचं ते जुनं भांडं, नाही. बॉशचं के-जेट्रॉनिक नावाचं इंजेक्शन आहे, १९७३ साली बाजारात आलेलं. आत्ताच्या गाडीत कॉम्प्युटर करंट सोडतो तसा इंजेक्टर उघडतो-मिटतो, याचं तसलं काही नाही, इंजेक्टरला वायरच नाही, सगळं प्रेशरवर. इंजिन चालू आहे तोवर चारही इंजेक्टर सारखे फवारत असतात. आत स्प्रिंगवर एक बारकी सुई बसलेली असते, पेट्रोलचं प्रेशर साडेतीन बारच्या आसपास गेलं की ती उठते आणि थरथरत राहते, त्या थरथरण्यानंच पेट्रोलचं धुकं होतं. चांगला इंजेक्टर टेस्टिंगला लावला की कर्रर्र असा बारीक आवाज येतो, रातकिड्यासारखा, तो आवाज ऐकायला मला फार आवडतं. ती सुई जरा जरी अडकली की धुक्याच्या ऐवजी धार पडते नाहीतर काहीच पडत नाही, मग सकाळी स्टार्ट व्हायला रडणार, मिसिंग मारणार, मागनं काळा धूर सोडणार आणि चौकात सिग्नलला सगळ्यांच्या समोर बंद पडणार. हे सगळं आमच्या गाडीनं केलेलं आहे.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात चारही इंजेक्टर काढले. आमच्या बेळगावच्या पलीकडं, महाराष्ट्रात एकजण हे काम करतो असं कळलं, नाव लिहीत नाही, माणूस कामाला वाईट नाही. त्यानं अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मळ सोडवणाऱ्या टाकीत, घालून साफ केले, टेस्ट बेंचवर लावून आधीचा फवारा आणि नंतरचा फवारा असे व्हिडिओ पाठवले, नवीन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, घातल्या, पैसे पण वाजवी घेतले. पार्सल एसटीनं यायचं होतं. आता सीमेवर खुट्ट झालं की दोन्हीकडच्या एसट्या सगळ्यात आधी बंद होतात हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको, तसंच झालं, पार्सल अकरा दिवस पलीकडंच पडून. शेवटी भाच्याचा मित्र निपाणीपर्यंत घेऊन आला आणि तिथनं मी बाईकवर जाऊन आणलं. खोकं उघडलं तर आत कॉटन वेस्ट आणि त्यात चार इंजेक्टर तुमच्याच पेपराच्या पानात गुंडाळलेले, वरनं रबर बँड. असे चकचकीत की सोनाराकडनं आणल्यासारखे. मी बघितले, खूश झालो, फोटो काढून दोन ग्रुपवर टाकला आणि परत त्याच पानात गुंडाळून कपाटात ठेवून दिले, कारण घरात लग्न होतं, मग पाऊस लागला, आणि बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, एकदा जूनमध्ये बसला की गणपतीपर्यंत घरातली चादर पण धड वाळत नाही. आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजचं पत्र्याचं छत तर आतून बाहेरून सारखंच गळतं. म्हटलं राहू दे, पाऊस ओसरला की बसवू.

गणपती झाल्यावर खोकं काढलं. पेपराचं पान सादळलेल्या पापडासारखं मऊ पडलेलं, इंजेक्टरला चिकटलेलं, एकावर तर बातमीची उलटी अक्षरं उमटलेली. दोन इंजेक्टरच्या तोंडाशी तांबूस डाग. मेस्त्री म्हणाले एवढं काय नसतं हो, पुसून बसवू, बसवले. गाडी स्टार्ट झाली पण तीन पायावर उभारलेल्या बैलासारखी नुसती हलायला लागली. तिसऱ्या नंबरचा इंजेक्टर परत काढून टेस्टिंगला लावला तर सुई जाम, आत गंज. चौथा पण अर्धवट. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो तुम्ही ठेवले कसे, मी म्हटलं तुम्ही पाठवले तसेच ठेवले की. त्यावर तो पण गप्प आणि मी पण गप्प.

मला एकच कोडं सुटेना, की चाळीस वर्षं गाडीत राहून, त्यातली कितीतरी गोव्याच्या खाऱ्या हवेत काढून जे गंजले नाहीत ते माझ्या कपाटात चार महिन्यांत गंजलेच कसे. हे मला उद्यमबागेतल्या, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका डिझेल पंपाच्या मेस्त्रींनी सांगितलं, वय झालेला माणूस, चहा पिता पिता सहज बोलून गेले. म्हणाले, जुना इंजेक्टर घाण असतो पण ती घाणच त्याचं पांघरूण असतं. पेट्रोलचा चिकट थर, तेलाचा अंश, काळपट वार्निश, हे सगळं लोखंडाला धरून बसलेलं असतं, हवा आणि पाणी आत जायला वाव नसतो. अल्ट्रासोनिकमध्ये घातलं की हे सगळं मुळापासून निघतं, लोखंड अगदी उघडं पडतं, आणि वर दुकानदार हवा मारून कोरडं करून देतो. म्हणजे घाण इंजेक्टरपेक्षा साफ केलेला इंजेक्टर जास्त नाजूक झाला. मी बघतच राहिलो. कारण ही गोष्ट मला माहीत होती हो! आमची आजी शहापुरातनं विळ्याला धार लावून आणायची आणि घरी आल्या आल्या आधी त्याच्यावर तेलाचा बोळा फिरवायची, पावसाळ्यात धार लावलेलं पातं तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी लालच. सुगी संपली की खुरपी, कोयते, विळे सगळे तेल लावून आढ्याला खोचलेले असायचे. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगरापर्यंत पोचले, त्या गावातला मी माणूस, आणि मला साधं लोखंडाला तेल लावायचं सुचू नये.

तर आता काय करायचं ते सांगतो, दुसऱ्या खेपेला, म्हणजे इंजेक्टर परत साफ करून घेतले तेव्हा, मी जे केलं तेच.

पहिलं म्हणजे इंजेक्टर द्यायला जातानाच दुकानदाराला सांगायचं की बाबा, शेवटी हवा मारून कोरडे करू नको. बेंचवर टेस्टिंगचं जे तेल असतं, कॅलिब्रेशन फ्लुइड म्हणतात, त्याचा शेवटचा फवारा मारून तसेच ओले काढ आणि लगेच टोपणं लाव. हे त्यानंच करायला पाहिजे कारण माझ्यासारख्या इंजेक्टरची सुई प्रेशरशिवाय उघडतच नाही, घरी तुम्ही वरनं कितीही तेल ओता, सुईच्या पुढं जाणार नाही. घरी आणल्यावर मग पेट्रोल जिथनं आत जातं त्या बाजूनं शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब, तोंडाकडून एक थेंब, बाहेरनं तेलाचं बोट. एवढं पुरे. ग्रीस अजिबात नको, ग्रीस धूळ ओढून घेतं आणि आत गेलं की त्याचाच कचरा होतो. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडं असतं म्हणून मारतात, आठवडाभरात बसवणार असाल तर ठीक आहे, पण ते उडून जातं, चार महिन्यांच्या भरवशाचं नाही. आणि कृपा करून खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका, आमच्या ओळखीत एकानं घातलेलं आहे, डिसेंबरात खोबरेल गोठलं आणि गोडंतेल असतं तर डिंक झालं असतं.

मग टोपण. दोन्ही बाजूला टोपण पाहिजेच. कंपनीचं नसलं तर मापाची रबरी टोपी मिळते, तीही नसली तर सलाईनच्या नळीचा तुकडा एका टोकाला दुमडून बांधला तरी चालतो, फक्त तो आतनं स्वच्छ पाहिजे. बोळा कोंबायचा नाही, कॉटन वेस्टचा तर नाहीच नाही, त्याचा एक धागा आत राहिला की संपलं, त्या भोकाच्या मानानं धागा म्हणजे नाडा. प्रत्येक इंजेक्टर वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, त्यात बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकायची. पण ती पुडी वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेली असली तर तिनं आधीच पोटभर पाणी पिलेलं असतं, नवीन घ्या. पिशवीवर नंबर लिहा, एक ते चार, कुठला इंजेक्टर कुठल्या सिलिंडरचा होता ते. आणि पेपर नको. तुमचा काय, कुणाचाच नको. पेपराचा कागद हवेतलं पाणी शोषतो आणि ते लोखंडाला धरून बसतो, शिवाय त्याचा भुसा सुटतो. वडापाव बांधायला पण आता पेपर वापरू नका म्हणतात, मग इंजेक्टर तर बत्तीस हजा... जाऊ दे, आकडा नको.

हवेचं पण सांगतो. गॅरेजमध्ये सगळ्यांना सवय असते, कुठलाही पार्ट काढला की पंक्चरवाल्याच्या नळीनं फुस्स करून हवा मारायची. पावसाळ्यात त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तळाला पाणी साठलेलं असतं, खालचा कॉक कुणी महिनोन्महिने उघडत नाही, आणि ती हवा म्हणजे पाण्याचे तुषार. साफ केलेल्या इंजेक्टरमध्ये आपण स्वतःच्या हातानं पाणी मारतो. तसंच तोंडात पिन घालणं. पिन घालणाऱ्या मेस्त्रीचा हात मी आता धरतो, मग तो कितीही जुना असू दे.

डिझेलवाल्यांचं या बाबतीत मला कौतुक वाटतं. आपल्याकडं खानापूर-जांबोटीच्या बाजूला वडापच्या जुन्या ट्रॅक्स, त्या जीपसारख्या गाड्या, चालायच्या, अजून काही चालतात, त्यांचं इंजिन मर्सिडीजच्याच जुन्या डिझेलवरनं घेतलेलं, ओएम ६१६, म्हणजे माझ्या गाडीची डिझेल बहीण आणि कणकुंबीच्या चढावर चौदा माणसं आणि वर कोंबड्या घेऊन जाणारी ट्रॅक्स सख्ख्या नात्यातली. त्यांचं नोझल, म्हणजे डिझेल इंजेक्टरचं तोंड, बदलायला जे मेस्त्री असतात ते मिकोच्या, म्हणजे बॉशच्या इथल्या जुन्या कंपनीच्या, काळापासून शिकलेले. नवीन नोझल खोक्यातनं काढलं की ते तेलात भिजलेलं आणि टोपण लावलेलंच येतं, आणि तो माणूस ते टोपण पाईप जोडायच्या क्षणापर्यंत काढत नाही. नोझल आणि त्याची सुई ही जोडी असते, दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची, एकाची सुई दुसऱ्यात घालत नाहीत, हाताच्या घामानं डाग पडतो म्हणून सुईला मधे बोट लावत नाहीत. हे सगळं आपल्या गावात माहीत असलेलं ज्ञान आहे, फक्त ते डिझेलच्या खोलीत राहिलंय, पेट्रोलच्या गॅरेजमध्ये आलेलं नाही, कारण आपल्याकडं पेट्रोलच्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या आणि कार्बोरेटर म्हणजे रॉकेलात धुवा, फुंका, बसवा.

आता खरा मुद्दा, आणि यात माझी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. समजा इंजेक्टर तेलात, टोपणात, पिशवीत अगदी बाळासारखे ठेवले, आणि बसवले तसल्याच टाकीला, तर ते पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये जिथं होते तिथं परत येणार. माझ्या गाडीची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागं उभी असते, तिच्या बुडाला एक जाळी असते, ती आट्यांवर फिरवून बसवलेली, तिला ४६ चा सॉकेट लागतो. आमच्या मेस्त्रींकडं ३२ च्या वर काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ती जाळी कधी उघडलीच नव्हती, मला म्हणाले जाळी बिळी काय नसते याला. शेवटी ट्रकच्या गॅरेजमधनं सॉकेट मागून आणला. जाळी निघाली तेव्हा तिच्यावर चहाच्या गाळणीत राहतो तसला चोथा, वर तपकिरी गंजाचं पीठ, आणि खाली बादलीत जे पेट्रोल पडलं त्याच्या तळाला पाण्यासारखा वेगळाच थर.

तो थर काय ते आता सगळ्यांना माहीत पाहिजे. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत बेंगळुरात ई-२० चालू झालं आणि दोन वर्षांत जवळपास सगळीकडं तेच झालं. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, खरं सांगायचं तर आमच्या घरचा पण ऊस आहे, कारखान्याचं बिल वेळेवर आलं तर त्यात इथेनॉलचा हात आहे हे मला कळतं, आणि बेळगाव जिल्ह्यात बसून इथेनॉलला शिव्या घालणं म्हणजे आपल्याच ताटात थुंकण्यासारखं. पण आपलाच ऊस गाळपाला जातो आणि फिरून माझ्याच टाकीत येऊन माझेच इंजेक्टर गंजवतो हा हिशेब मला तरी गमतीचा वाटतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज चालत असली तर काही बिघडत नाही, पेट्रोल जुनं व्हायच्या आत संपतं. पण आमची गाडी पावसाळ्यात तीन महिने उभी, टाकी अर्धी रिकामी, त्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते, दिवसा तापते, पाणी साठत जातं, आणि एका मर्यादेच्या पुढं इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोल सोडून खाली बसतात. आणि पंप ओढतो कुठनं, तर तळातनं. शिवाय इथेनॉलला जुना मळ सोडवायची खोड आहे, चाळीस वर्षं टाकीच्या आणि पाईपच्या भिंतीला चिकटून गप्प बसलेला चिकटा ते विरघळवून पुढं पाठवतं. जुने रबरी होज आतनं फुगतात, त्याचे काळे कण सुटतात. हे सगळं चाळत चाळत शेवटी येतं कुणाकडं, तर ज्याचं तोंड सगळ्यात बारीक त्याच्याकडं.

म्हणून दुसऱ्या खेपेला इंजेक्टर पिशवीतच ठेवले आणि आधी टाकी उतरवली. आत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून दोघांनी मिळून घुसळली, बाहेर तांबडं पाणी आलं, परत घुसळली, स्वच्छ येईपर्यंत चार वेळा. (एक सांगतो, रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ असते, तिला वेल्डिंग करायला कुणी म्हटलं तर टाकी उचलून घरी या.) होज सगळे नवीन, इथेनॉलला चालणारे विटॉनचे, महाग पडतात पण तिथं हात आखडू नये, ओ-रिंग पण शक्यतो त्याच रबराच्या. फिल्टर नवीन. इथं आमच्या मेस्त्रींनी एक आयडिया काढली होती, की लाइन धुवेपर्यंत मारुती ८०० चा तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर लावू, घाण दिसेल पण आणि स्वस्त पण. या गाडीच्या पंपाचं प्रेशर पाच बारच्या वर असतं, तो फिल्टर फुग्यासारखा फुटला असता आणि गरम इंजिनवर पेट्रोल. त्यांना समजावून सांगितलं, त्यांना पटलं, पण जरा राग आलाच.

मग सगळ्यात मजेचा भाग. इंजेक्टर न बसवताच पंप चालवायचा. चारही पाईप इंजिनवरनं सोडवून चार बाटल्यांत सोडले, एकसारख्या मापाच्या, मी काचेच्या घेतल्या, काही प्लास्टिकच्या पेट्रोलनं मऊ पडतात. गाडी बंद असली की सेफ्टीसाठी पंपाचा रिले पंप चालूच देत नाही, त्यामुळं रिले काढून तिथं वायरनं डायरेक्ट करावं लागतं, हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. पंप चालू झाला की हवेच्या वाटेवर फ्लॅपची जी गोल प्लेट असते ती हातानं हळूच जागेवरनं हलवायची, की चारही पाईपमधनं पेट्रोल यायला लागतं. पहिल्या मिनिटाला बाटल्यांत जे आलं ते बघून मेस्त्री स्वतःच म्हणाले, बरं झालं इंजेक्टर लावले नाहीत. काळे कण, गंजाची धूळ. ते सांडलं, परत केलं, तिसऱ्या वेळी नितळ. आणि याच्यात आणखी एक फायदा, चारही बाटल्यांत सारखंच पेट्रोल साठतंय का ते पण कळतं, एकात कमी आलं तर दोष इंजेक्टरचा नाही, त्याच्या आधी चौघांना पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, तिथल्या फटी केसाएवढ्या असतात. आमच्या पहिल्या बाटलीत जरा कमी भरत होतं, धुतल्यावर सुधारलं. हे सगळं उघड्यावर करायचं, बॅटरीच्या टर्मिनलला स्पार्क होणार नाही असं, बिडी ओढणाऱ्याला गेटच्या बाहेर ठेवून, आणि हाताशी आग विझवायचं सिलिंडर. आमच्या गल्लीतली पोरं बघायला जमली होती, त्यांना हाकलताना घसा बसला.

त्यानंतर, आणि त्याच दिवशी, इंजेक्टर पिशवीतनं काढले. टोपण काढायचं ते एकेकाचं, पाईप हातात आल्यावर. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावून सरळ दाबायचं, पिळायचं नाही, ओ-रिंग कापली की हवा खाते आणि मग तुम्ही महिनाभर आयडलिंग शोधत बसता. आतलं शिलाई मशीनचं तेल काढायची गरज नाही, दोन थेंब असतात, पहिल्या मिनिटाला जरा पांढरा धूर आला आणि संपलं. गाडी दुसऱ्या सेल्फला लागली. बेळगावात राहून मी इतका गप्प कधी उभा राहिलो नसेन, मेस्त्री पण काही बोलले नाहीत, नुसते रेडिएटरवर हात ठेवून ऐकत होते. मग बायको आतनं म्हणाली, झालं का, आता ती बादली धुवून द्या.

आता तुमच्याकडं मागणं आहे म्हणून पत्र, नाहीतर हे सगळं मी मित्रांना सांगितलंच असतं. एक म्हणजे जे लोक रिकंडिशनचं काम करतात, इकडचे असू देत का पलीकडचे, त्यांना तुमच्या पेपरातनं सांगा की तेल आणि टोपण हा कामाचा भाग धरा, दहा-वीस रुपये जास्त लावा, कोण नाही म्हणणार नाही. दुसरं, पेट्रोल पंपावर किती टक्के इथेनॉल आहे ते नोझलजवळ मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहा (हो, दोन्हीत, त्याच्यावरनं तरी भांडण नको). साधं बिनइथेनॉलचं पेट्रोल पण ठेवा म्हणून कुणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २०२५ च्या सप्टेंबरात ते फेटाळलं, त्यामुळं ती आशा मी सोडलीय. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं होतं की जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के पडेल, म्हणजे जुन्या गाड्यांचा विचार करणारे लोक कुठंतरी आहेत, त्यांनी निदान बोर्ड तरी लावावा. तिसरं, पुढच्या वेळी जुन्या गाड्यांचं पान काढाल तेव्हा उद्यमबागेतल्या एखाद्या डिझेलच्या मेस्त्रीला पण विचारा, फोटो त्यांचा चांगला येणार नाही, कपडे काळे असतात, पण अर्ध्या तासात जे सांगतील ते आमच्यासारख्या फोटो टाकणाऱ्यांना सात जन्मात जमायचं नाही.

यंदा पावसाळ्याच्या आधी मी टाकी काठोकाठ भरून ठेवणार आहे, हवेला जागाच नको, आणि दर रविवारी पाऊस असू दे नाहीतर नसू दे, गोगटे सर्कलपर्यंत एक फेरी. कुणाला बाटल्यांचा प्रयोग बघायचा असला तर मेस्त्रींना विचारून सांगतो, त्यांचा राग आता गेलाय.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव

ता.क. ज्या पानात माझे इंजेक्टर गुंडाळून आले होते त्यावर शब्दकोडं होतं, अर्धं त्या दुकानातल्याच कुणीतरी बॉलपेननं सोडवलेलं. आडवा सातवा शब्द त्यानं चुकवलाय, आणि उरलेलं गंजाच्या डागाखाली गेलंय त्यामुळं मला पण सुटलं नाही. गेल्या मे महिन्यातला अंक तुमच्याकडं असला तर उत्तर कळवा.